सहल तुमची, संकटही तुमचंच

२२ एप्रिल २०२५. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होतो. ती श्रीनगरमध्ये होती. काका, ती आणि आमच्याच गावातली आणखी सव्वीस माणसं. पहलगामला काय झालं ते तिला हॉटेलच्या रिसेप्शनमधल्या टीव्हीवरून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बस पहलगामलाच निघायची होती.

"आम्ही सगळे ठीक आहोत रे," ती म्हणाली. "फक्त आता पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाहीये."

सोबत टूर मॅनेजर म्हणून पाठवलेला मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा. काश्मीरला तोही पहिल्यांदाच आलेला. तो बिचारा जिन्याखाली उभा राहून मालकाला फोन लावत होता आणि मालकाचा फोन लागत नव्हता. इकडून मीही लावला. ऑफिसचा लँडलाइन सातला बंद होतो म्हणे. माहितीपत्रकावर '२४ तास सेवा' म्हणून छापलेला नंबर घेतला, तर तो बुकिंगचा निघाला. पलीकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात मला मे महिन्यातल्या सिमला-मनालीची माहिती द्यायला सुरुवात केली.

रात्री नऊ वाजता सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंपनीकडून पहिला संदेश आला. काळी पार्श्वभूमी, तेवणारी पणती, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली उजव्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो. मालकाचा फोन लागला सव्वाअकराला.

म्हणजे माणसं कुठे आहेत, उद्या कुठे राहणार, परत कशी येणार हे ठरवायच्या सव्वादोन तास आधी कंपनीने ग्राफिक बनवून घेतलं होतं. मावशीने ते मला फॉरवर्ड केलं. ते अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि या लेखातला राग तिथूनच आलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुढचे दोन दिवस काय झालं ते थोडक्यात. रस्त्याने खाली उतरायची सोय नव्हती. दोनच दिवसांपूर्वी, २० एप्रिलला, रामबनला ढगफुटी आणि दरडींमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडलेला. उरला विमानतळ. तिकिटांचे दर वाढू देऊ नका म्हणून केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयाला कंपन्यांना बजावावं लागलं. जादा विमानं सोडली गेली, ३० एप्रिलपर्यंतच्या तिकिटांवरचं रद्द करण्याचं शुल्क माफ झालं, महाराष्ट्र सरकारनेही खास विमानं पाठवली. यातलं एकही काम माणशी चाळीस-पन्नास हजार घेणाऱ्या सहल कंपनीने केलं नाही. सरकारने केलं, आणि काश्मिरी माणसांनी केलं. मावशीच्या बसचा ड्रायव्हर अठ्ठावीस जणांना दोन खेपांत आपल्या घरी जेवायला घेऊन गेला. विमानतळावर सोडायचे पैसे त्याने घेतले नाहीत. असे किती टॅक्सीवाले तेव्हा फुकट लोकांना सोडत होते, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल.

आणि घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी कंपनीचा मेसेज आला: हॉटेलच्या दोन जादा रात्रींचे माणशी ३,२०० रुपये कृपया याच आठवड्यात भरावेत.

काकांनी भरले. "जीव वाचला, पैशाचं काय घेऊन बसलास," असं मलाच ऐकवलं. हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं आणि सहलींचा अख्खा धंदा या वाक्याच्या जिवावर चाललाय.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे 'रनबुक' नावाचा प्रकार असतो. रात्री तीन वाजता झोपेतून उठवलेल्या, डोकं चालत नसलेल्या माणसालाही कळेल अशी लिहून ठेवलेली कागदपत्रं. अमुक बिघडलं तर आधी काय तपासायचं, काय बंद करायचं, कोणाला उठवायचं. आळीपाळीने एकजण 'ऑन कॉल' असतो. आणि सगळं निस्तरल्यावर बसून लिहायचं की काय चुकलं, कधी कळलं, कळायला उशीर का झाला. हे आम्ही कशासाठी करतो? कोणाचा तरी ऑनलाइन पिझ्झा अडकू नये म्हणून. माणसांना बर्फात, दरीत, परदेशात घेऊन जाणाऱ्या धंद्यात याच्या निम्मी तरी तयारी असावी, ही अपेक्षा फार नाही.

पण 'सहल कंपन्यांची तयारीच नसते' असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. तयारी असते, आणि मोठ्या कंपन्यांकडे तर उत्तम असते. मी ती आतून पाहिली आहे. थोडी माझ्या हातानेही केली आहे.

कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी एका ऑनलाइन बुकिंग कंपनीत होती. नाव घेत नाही. मार्च २०२० उजाडला तेव्हा मला लागून आठ महिने झाले होते. २५ मार्चपासून देशांतर्गत विमानं बंद झाली आणि आमच्या पडद्यावर रद्द झालेल्या बुकिंगचा आकडा मीटरसारखा पळू लागला. पहिल्याच दिवशी साइटवर पट्टी लागली: 'आपली सुरक्षितता हीच आमची सर्वोच्च प्राथमिकता'. ते वाक्य त्या दिवशी कोणी लिहिलं नव्हतं. ते आधीपासून कोडमध्ये होतं. संकटाचं नाव, ठिकाण, तारीख एवढ्याच जागा रिकाम्या. भूकंप असो, पूर असो, दंगल असो, तेवढं भरायचं आणि बटण दाबायचं. जाहिरातीच्या ठरलेल्या पोस्ट आपोआप थांबवायची सोय होती. मोठी दुर्घटना घडली तर लोगोचा रंग उडवून तो करडा करायचीही सोय होती. विमान कंपन्या अपघातानंतर हे करतात ते तुम्ही पाहिलं असेल. त्यात वाईट काही नाही, सुतकात रंगीत जाहिरात बरी दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच की रंग उडवायला आमच्याकडे बटण होतं आणि पैसे परत द्यायला नव्हतं.

मग एप्रिलमध्ये मला एक काम आलं. कामाचं शीर्षक होतं, 'रिफंडच्या विनंत्या कमी करणे'. विमान कंपन्या तेव्हा रोख परत न देता 'क्रेडिट शेल' देत होत्या, म्हणजे पैसे आमच्याचकडे राहू द्या, वर्षभरात कधीतरी प्रवास करा. १६ एप्रिलला मंत्रालयाने काढलेल्या सूचनेनुसार रोख परतावा मिळणार होता तो लॉकडाउनच्या काळात तिकीट काढलेल्यांना. ज्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे शहाण्या माणसासारखं आधी, काढलं होतं ते त्यात बसत नव्हते. मी जे बनवलं ते असं: पान उघडलं की हिरवं, मोठं, आधीच निवडलेलं बटण 'क्रेडिट घ्या'. त्याखाली करड्या बारीक अक्षरांत 'इतर पर्याय'. तो दाबला की कारण विचारणारं पान. मग 'नक्की का?' विचारणारं पान. मग फोन नंबर, ज्यावर पंचेचाळीस मिनिटं संगीत वाजायचं.

दोन आठवड्यांत विनंत्या बऱ्याच घटल्या. मला शाबासकी म्हणून दोन हजारांचं व्हाउचर मिळालं. आमच्याच साइटवर वापरायचं. विमानं बंद होती.

तेव्हा मला काही वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मी तेवीस वर्षांचा होतो, गावाकडे माळ्यावर बसून काम करत होतो, नोकरी टिकली यातच आनंद होता. वाटायला लागलं ते जुलैमध्ये, ग्राहकांच्या मेलचा ढीग उपसायला आम्हा इंजिनीअरांनाही बसवलं तेव्हा. नाशिकच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नानंतर तिच्या सासरच्यांसह सगळ्यांना अंदमानला न्यायचं म्हणून अकरा तिकिटं काढली होती. त्यांचे सात मेल होते. पहिल्यात 'माननीय महोदय', सातव्यात फक्त बुकिंग नंबर.

आमच्याकडे बुकिंग यशस्वी होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांनी घसरलं तर पाच मिनिटांत कोणाचा तरी फोन वाजायचा. रात्री, रविवारी, दिवाळीत, कधीही. रिफंड नव्वद दिवस अडकला तर कोणाचाच फोन वाजत नव्हता. मी विचारलं, असा अलर्ट का लावू नये? मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तो हसून म्हणाला, "अरे, मग रोज रात्रभर फोन वाजेल."

त्या एका वाक्यात या धंद्याची संकटाची अख्खी व्याख्या आहे. कंपनीकडे येणारा पैसा थांबला तर ते संकट. कंपनीकडून जाणारा पैसा थांबला तर ते 'प्रलंबित'.

प्रलंबित म्हणजे किती, याचं एक सार्वजनिक उदाहरण देतो (मी तिथे कामाला नव्हतो). सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी लॉकडाउनमधल्या विमान तिकिटांचा निकाल दिला. पैसे परत द्या. विमान कंपनी फारच अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल चालेल, पण त्याची किंमत दरमहा आधी अर्धा आणि मग पाऊण टक्क्याने वाढवत न्या. त्यानंतरही वापरलं नाही तर रोख द्या. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे एजंटने ताबडतोब प्रवाशाला पोचवायचे. निकाल स्पष्ट आहे. तरी २०२१ मध्ये 'यात्रा' या संकेतस्थळाकडे ३६,२७६ बुकिंगचे सव्वीस कोटींहून जास्त रुपये अडकलेले होते, आणि जून २०२४ मध्येसुद्धा ४,८३७ बुकिंगचे सुमारे अडीच कोटी द्यायचे बाकी होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आदेश काढावा लागला. त्यात एक मजेशीर कलम होतं: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमध्ये पाच जागा स्वतंत्रपणे ठेवून, म्हणजे माणसं बसवून, प्रवाशांना फोन करून सांगा की तुमचे पैसे येणार आहेत. महासाथ येऊन चार वर्षं झाल्यावर, सरकारी आदेशाने, माणसाने माणसाला फोन केला.

आता सहल कंपन्यांचं लाडकं अस्त्र घेऊ. 'फोर्स मेजर'. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत, 'नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दहशतवाद, संप इत्यादी कारणांमुळे सहलीत बदल अथवा सहल रद्द झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही'. हे वाचून माणसाला वाटतं की देवाने केलं, कंपनी काय करणार. बरोबर आहे, भूकंप कंपनी करत नाही. पण भूकंप झाला म्हणजे माझे पैसे तुझे झाले, हे कोणी ठरवलं? आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ५६ सांगतं की करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्द होतो. लोक इथेच थांबतात. कलम ६५ पुढे सांगतं की असा करार रद्द झाला तर ज्याने त्यातून जे घेतलं असेल ते परत करायचं. इंग्रजांच्या काळात, आगगाडी नवी होती तेव्हा, लिहिलेली ही साधी गोष्ट आहे. कंपन्या पहिलं कलम घेतात आणि दुसरं टाळायला ते शेवटचं पान छापतात. त्या पानावर आपण सही करतो, ते वेगळं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात एकतर्फी, अन्याय्य करारांबद्दल तरतूद आली आहे, पण त्यासाठी ३,२०० रुपयांसाठी आयोगाची पायरी चढणारा माणूस लागतो. आमच्या काकांसारखा नाही चालत.

मावशीच्या त्या दोन रात्रींकडे परत येतो, कारण त्याचं उत्तर जगात एका ठिकाणी शब्दशः लिहिलेलं आहे. युरोपियन युनियनचा पॅकेज सहलींचा नियम २०१५ मध्ये ठरला आणि २०१८ पासून लागू झाला. त्यात म्हटलंय की टाळता न येणाऱ्या असाधारण परिस्थितीमुळे प्रवासी परतू शकत नसेल तर जास्तीत जास्त तीन रात्रींच्या मुक्कामाचा खर्च सहलीच्या आयोजकाने सोसायचा. अशाच परिस्थितीमुळे सहल सुरू होण्याआधी प्रवाशाने ती रद्द केली तर शुल्क न कापता १४ दिवसांत पूर्ण पैसे. आयोजकाचं दिवाळं निघालं तरी प्रवाशाला घरी आणायची सोय आधीच करून ठेवलेली हवी. तिथले आयोजक दानशूर आहेत म्हणून हे झालेलं नाही. कोणीतरी कायद्यात लिहिलं म्हणून झालं. (कोविडमध्ये तिथल्याही कंपन्यांनी व्हाउचर गळ्यात मारायचे उद्योग केलेच.)

दिवाळं निघाल्यावर काय होतं ते थॉमस कुकने दाखवलं. हीच ती कंपनी जिच्या संस्थापकाने ५ जुलै १८४१ रोजी दारूबंदीच्या सभेला जाणाऱ्या पाचेकशे लोकांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेलं होतं. पॅकेज सहलीचा जन्मच तो. २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ब्रिटनमधली ती कंपनी बुडाली. (भारतातली थॉमस कुक वेगळी, ती २०१२ पासून दुसऱ्याच मालकीची आहे, तिला यात ओढू नका.) त्या पहाटे दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. तारीख योगायोगाची नाही. या धंद्यात लोक हिवाळ्यात-वसंतात पैसे भरतात, उन्हाळ्यात फिरतात, आणि हॉटेलवाल्यांची बिलं हंगाम संपता संपता द्यायची असतात. सप्टेंबरअखेर म्हणजे तिजोरी रिकामी आणि दारात रांग.

आपल्याकडे असं काही झालं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टची विमानं थांबली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिकीट काढून बसलेले लोक धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ब्रिटनमध्ये मात्र त्या सकाळी सरकारच्या विमान प्राधिकरणाने आधीच भाड्याने घेऊन ठेवलेली विमानं विमानतळांवर उतरायला लागली. दोन वर्षांपूर्वी मोनार्क ही विमान कंपनी बुडाली तेव्हा लाखभर लोक परत आणायचा त्यांचा सराव झालेला होता. मोहिमेला नावही होतं, मॅटरहॉर्न. दोन आठवड्यांत लोक घरी आले. यातल्या मोठ्या भागामागे 'अटॉल' ही योजना होती: सहल विकणाऱ्याने प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका सामाईक निधीत टाकायचे. लंडनमध्ये कॉफी येते तेवढ्यात.

अडीच पौंड. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या साइटवर तिकिटासोबत आधीच टिक करून ठेवलेला एकशे नव्व्याण्णव रुपयांचा 'ट्रिप सुरक्षा' पर्याय आठवला. तो काढायचा राहिला की पैसे गेले. त्यातून सुरक्षा कोणाची व्हायची, ते आम्हा बनवणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने अशा फसव्या रचनांविरुद्ध नियम काढले, तेरा प्रकार नावानिशी सांगितले. यादी वाचताना मला माझ्या पहिल्या दोन वर्षांचा कामाचा अहवाल वाचल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे सहल कंपनी काढायला काय लागतं? पर्यटन मंत्रालयाची मान्यता असते, पण ती ऐच्छिक आहे. नसली तरी धंदा चालतो. लेटरहेड, इन्स्टाचं पान आणि बसवाल्याशी ओळख पुरे. तुम्ही सहा महिने आधी भरलेला ॲडव्हान्स कुठल्या वेगळ्या खात्यात ठेवला पाहिजे असं कुठेही नाही. तो तुमच्या सहलीसाठी ठेवलेला नसतोच. गेल्या महिन्यात जाऊन आलेल्यांच्या हॉटेलचं बिल त्यातून जातं, आणि तुमचं बिल पुढच्या हंगामाच्या 'अर्ली बर्ड'वाल्यांच्या पैशातून. चाक फिरत असेतो सगळे सुखी. संकट म्हणजे चाक थांबणं, आणि थांबल्यावर कळतं की तुमचे पैसे तिथे कधी नव्हतेच. सरकारला हे पैसे दिसत नाहीत असंही नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के कर विक्रीच्या वेळीच गोळा करायला सहल कंपन्यांना लावलं होतं. म्हणजे कोणी, किती पैसे, कशासाठी भरले याची पॅनकार्डासकट नोंद ठेवता येते. त्यातला सरकारचा हिस्सा सुरक्षित ठेवता येतो. प्रवाशाचा ठेवता येत नाही?

काहीजण म्हणतील, संकट सांगून येत नाही. डिसेंबर २०२५ घ्या. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम विमान वाहतूक संचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. ते जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, कंपन्यांनी हात वर केले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, दोन टप्पे ठरले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५. बावीस महिने! आमच्याकडे बावीस दिवसांची डेडलाइन चुकली तर प्रमोशन जातं. देशातली निम्म्याहून जास्त विमानवाहतूक हातात असलेल्या इंडिगोने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द केली, एकट्या ५ तारखेला हजाराहून जास्त. बॅगांचे डोंगर, जमिनीवर झोपलेली लहान मुलं, लग्नाला न पोचलेले नवरदेव. सरकारने मग काय केलं? भाड्यावर साडेसात ते अठरा हजारांची मर्यादा घातली, पैसे परत करायला लावले, आणि त्याच कंपनीला त्याच नियमांतून तात्पुरती सूट दिली. दंड झाला जानेवारीत, २२ कोटी २० लाख. हे संकट तारीख-वार सांगून आलं होतं. तयारी न करणं स्वस्त पडतं, हा हिशेब त्यामागे आहे, आणि दंडाचा आकडा पाहता तो हिशेब चुकला असं म्हणवत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती मला रात्री सव्वाअकराला प्रत्यक्ष ऐकायला मिळाली. मावशीच्या सहलीचा मालक फोनवर आला तेव्हा मी बराच आवाज चढवला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी संध्याकाळपासून हॉटेलवाल्यांशीच बोलतोय. पहलगामच्या हॉटेलचे पूर्ण पैसे भरलेत, ते परत देत नाहीत. मे महिन्याच्या दोन बॅचचे हाउसबोटवाल्याला दिलेत. बायकोचे दागिने ठेवून विमानाचं ग्रुप बुकिंग केलंय. मी पण अडकलोय हो." पुढे ७ मेनंतर उत्तर-पश्चिमेतले बत्तीस विमानतळ काही दिवस बंद झाले तेव्हा त्याच्या उरलेल्या बॅचही गेल्या. मी त्याला लबाड म्हणणार नाही. तो या साखळीतला शेवटचा, सर्वांत अशक्त दुवा आहे. विमान कंपनी त्याला परत देत नाही, हॉटेल देत नाही, आणि तो मावशीला देत नाही.

पण म्हणूनच तर निधी हवा, वेगळं खातं हवं, नियम हवा! त्याच्यासारख्या माणसाला संकट एकट्याने पेलवणार नाही हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. माहीत नसतं ते फक्त पैसे भरणाऱ्याला. 'छोटे धंदे मरतील' हे कारण देऊन ही व्यवस्था टिकवणारे बहुतेक वेळा मोठे असतात. आणि त्या रात्री तो श्रद्धांजलीचं ग्राफिक बनवून घेण्याऐवजी ग्रुपवर एवढंच टाकू शकला असता: 'उद्याची बस रद्द, सगळे हॉटेलातच थांबा, सकाळी आठला फोन करतो.' त्याला दागिने लागत नव्हते.

आपणही काही कमी नाही. मावशीच्या ग्रुपने बुकिंगच्या आधी कंपनीला काय काय विचारलं ते मला माहीत आहे, कारण ती यादी मीच टाइप करून दिली होती. जेवणात साखर घालतात का. कांदा-लसूण नसलेलं मिळेल का. बसमध्ये पुढची सीट रोज बदलणार ना. सकाळचा चहा किती वाजता. शिकारा पॅकेजमध्ये धरलाय का. गुलमर्गच्या गंडोलाचं तिकीट कोणाचं. सतरा प्रश्न होते. रस्ता बंद झाला तर काय, हा त्यात नव्हता. आणि आपण कंपनी निवडतो ती हजार-बाराशेच्या फरकावर. जो टूरवाला अडीचशे रुपये जास्त लावून संकटासाठी बाजूला ठेवेल, तो पहिला धंद्यातून उठेल. उठवणारे आपणच.

मी ती नोकरी २०२१ मध्ये सोडली. तत्त्वासाठी वगैरे नाही, दुसरीकडे जास्त पैसे मिळाले. जाताना मात्र माझ्या शेवटच्या आठवड्यात कोणाला न विचारता नव्वद दिवसांहून जुन्या रिफंडचा अलर्ट लावून गेलो. मागून कळलं की पहिल्याच रात्री तो इतक्या वेळा वाजला की ऑन कॉल मुलाने सकाळी तो काढून टाकला. तो मुलगा अजून माझा मित्र आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही काढला असता.

या दिवाळीनंतर मावशी-काका हंपी-बदामीला जाणार आहेत. त्याच टूरवाल्याबरोबर. मी कपाळाला हात लावला तर मावशी म्हणाली, "अरे, ओळखीचा आहे. आणि जेवण चांगलं देतो." मग एक गोष्ट ठरली: या वेळचे प्रश्न मी पाठवायचे. साखर आणि पुढची सीट ठेवलीच, त्याशिवाय मावशी ऐकेना. त्याखाली तीन घातले. आमचा ॲडव्हान्स कुठल्या खात्यात राहणार? रात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार, त्या माणसाचं नाव? परतीचा रस्ता बंद झाला तर जादा रात्रींचे पैसे कोण देणार?

दोन दिवस निळ्या टिका नुसत्याच दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. मागे रस्त्याचा आवाज, बहुतेक गाडी चालवत होता. "दादा, एवढे प्रश्न कोणी विचारत नाही हो. फोन मीच उचलीन, माझा घरचा नंबर पण देतो. दोन रात्रींचं माझ्याकडून लिहून देतो, तिसरी निम्मी-निम्मी करू. खात्याचं मात्र, खरं सांगू का, एकच खातं आहे माझं."